देणी चुकवली म्हणजे दिली की बुडवली?

प्रश्न असा आलाय: "अमेरिकेने देणी चुकवण्यासाठी कर्जाची मर्यादा वाढवली" असं एका बातमीत वाचलं, तर चुकवण्यासाठी म्हणजे द्यायला की बुडवायला? आणि डेट सीलिंगला मराठीत काय म्हणायचं?

दुसरं आधी उरकतो. डेट सीलिंग म्हणजे सरकारने एकूण किती कर्ज काढावं याची कायद्याने घातलेली हद्द, तिला म्हणा कमाल कर्जमर्यादा. गावाकडे अजून "जमीन सीलिंगमध्ये गेली" म्हणतात, त्या 1961 च्या महाराष्ट्राच्या शेतजमिनीच्या कायद्यात कमाल मर्यादा हाच शब्द आहे, तोच घ्या. "कर्जाचं छत" कृपा करून लिहू नका.

आता चुकवणे. हा वापर मी इतक्यांदा ऐकलाय की खरंच राग येतो. कर चुकवणारा कर भरत नाही, नजर चुकवणारा बघत नाही, काम चुकवणाऱ्याला आपण कामचुकार म्हणतो, मग देणी चुकवणारी अमेरिका पैसे भरते हे कुठून आलं? हिंदीतल्या "कर्ज चुकाना"वरून, दुसरं काही नाही. आणि इथे तर अर्थ पार उलटा होतो, कारण ही मर्यादा वाढवतात ती नव्या खर्चाला परवानगी म्हणून नव्हे, तर तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, आधीच मंजूर केलेल्या गोष्टींचे पैसे, म्हणजे सोशल सिक्युरिटी (तिथलं सरकारी निवृत्तिवेतन), सैनिकांचे पगार, रोख्यांवरचं व्याज, वेळेवर देता यावेत म्हणून. जुलै 2025 मध्ये ती 5 लाख कोटी डॉलरने वाढवून 41.1 लाख कोटी केली. ती देणी फेडण्यासाठी. चुकवण्यासाठी नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. हिंदीत दोन क्रियापदं वेगळी आहेत, ऱ्हस्व चुकना म्हणजे संपणं आणि दीर्घ चूकना म्हणजे हुकणं. मराठीत दोन्ही एकाच चुकणेमध्ये मिसळली, म्हणून आपल्याकडे हिशोब "चुकता" होतो तेव्हा पैसे मिळालेले असतात आणि कर "चुकतो" तेव्हा बुडालेले असतात. काही जण चुकणे हे संस्कृत च्युतवरून, म्हणजे ढळलेला, आलं असं ठामपणे सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, च्युतचं प्राकृतात चुअ होतं, मग प्राकृत चुक्कमधला हा जोड क्क आणला कुठून? त्यासाठी म्हणे पुढे कृ (करणे) धातू लावायचा. अशी ठिगळं लावायची तर कुठलाही शब्द कुठूनही काढता येईल.

त्यापेक्षा बाराव्या शतकातला जैन व्याकरणकार हेमचंद्र बघा. त्याच्या प्राकृत व्याकरणात भ्रंश् धातूच्या, म्हणजे घसरणं, ढळणं, जागी येणारी रूपं एका सूत्रात दिलीत आणि त्यात फिड, फिट्ट, चुक्क, भुल्ल ही शेजारी शेजारी बसलीत. म्हणजे आपलं कर्ज "फिटणं" आणि कर "चुकणं" एकाच ओळीत! मी तर म्हणतो की मुळात दोन्हीकडे कल्पना एकच होती, डोक्यावरचं ओझं घसरलं, सुटलं. "अंधार फिटला" म्हणतो तेव्हा तरी अंधाराला कोणी पैसे दिलेले असतात का? तो नुसता सरतो. अंगावरचं वस्त्र फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात, सगळीकडे काहीतरी सुटून मोकळं होणंच आहे. पुढे भाषेने कामं वाटून घेतली, प्रामाणिकपणे सुटलास तर फेडलंस आणि निसटून सुटलास तर चुकवलंस. इतकी बारीक वाटणी आपल्या लोकांनी शतकानुशतकं वापरून केलीय आणि आपण ती एका भाषांतरित मथळ्यासाठी पुसून टाकतोय, हे मला सहन होत नाही. "कोशात चुकता आहे की" असं सांगू नका, चुकता करणे चालेल, चुकवणे नाही.

आणि हो, मर्यादा वाढलीच नाही तर "अमेरिकेचं दिवाळं" हेही चूक. दिवाळं निघालेल्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं, इथे कायद्याने हात बांधलेले असतात. 1979 मध्ये ट्रेझरी बिलं, म्हणजे अमेरिकी सरकारचे अल्प मुदतीचे रोखे, घेतलेल्या काही छोट्या गुंतवणूकदारांना पैसे उशिरा मिळाले होते, त्याला साधा शब्द आहे, पैसे थकले. तुमच्या बातमीदाराला "देणी भागवण्यासाठी" लिहायचं होतं, तेवढं त्याला कळवा.