दमशेराज, पण स्टेशनांचा

प्रश्न असा आहे: कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर 11-12 मित्रमंडळी जमणार, दरवर्षीच्या सिनेमांच्या दमशेराजचा कंटाळा आलाय, त्यातलाच काही वेगळा प्रकार सुचवा. शिवाय माणसं विषम झाली तर गट कसे पाडायचे आणि वेळ किती द्यायचा?

सिनेमे काढून टाका आणि त्या जागी मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांची नावं घाला. बाकी सगळं तेच: चिठ्ठी उचलायची, तोंड बंद, आपल्या गटाने ओळखायचं. आम्ही हे ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर 2016 च्या कोजागिरीला खेळलो. इतका चांगला दमशेराज मी त्याआधी कधी खेळले नव्हते आणि त्या रात्रीचा शेवट मला आजही पटलेला नाही. म्हणून जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी सिनेमांबद्दल. आमच्याकडे सिनेमांचा दमशेराज खरं तर दोन-तीन जणच खेळायचे, बाकीचे टाळ्यांना. दर शुक्रवारी थिएटर गाठणारा माणूस ज्या गटात, तो गट जिंकणार हे चिठ्ठ्या टाकायच्या आधीच ठरलेलं. माझी एक मैत्रीण मुलगी झाल्यापासून 4 वर्षं थिएटरात गेली नव्हती, ती प्रत्येक डावाला 'मला नाही येणार' म्हणत मोबाइल बघत बसायची. आणि माझे बाबा पाण्याच्या टाकीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मसाला दूध घ्यायचे, चंद्र बघायचे, साडेदहा वाजले की ग्लास विसळून खाली जायचे. त्यांना खेळायला घ्यावं असं इतक्या वर्षांत एकदाही आमच्या मनात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

त्या वर्षी आम्ही 11 जण होतो. गट पाडताना एक कमी पडला तेव्हा मी म्हटलं, बाबांना घेऊ. आमच्यात एक वकील आहे, आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला, शाळेत माझ्याच वर्गात. तो म्हणाला, 'काका येऊ देत ना, पण काकांना सिनेमे कुठून माहीत असणार?' खरंच होतं ते. तेव्हा मला स्टेशनं सुचली. बाबांनी 36 वर्षं ठाण्याहून फोर्टला जाऊन नोकरी केली. सिनेमे त्यांना माहीत नसतील, स्टेशनं सगळी माहीत.

चिठ्ठ्या बाबांनीच लिहिल्या, जुन्या कॅलेंडरची पानं फाडून. सीएसएमटी ते कल्याण 26 स्टेशनं होतात, ती त्यांनी क्रमाने, मध्ये एकदाही न थांबता लिहिली. मग हार्बर, ट्रान्स हार्बर आणि वेस्टर्न लाइनची थोडी. आणि आपल्या मनाने एक जास्तीची घातली: बोरीबंदर. म्हणाले, ठाण्यात बसून खेळतोय तर ते हवंच. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली, 34 किलोमीटर.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांतच कळलं की हा खेळ निराळाच आहे. त्या मोबाइलवाल्या मैत्रिणीला 'कळवा' आलं. तिने कानाला फोन लावला आणि समोरच्याला बोट दाखवून 'मला हं, नक्की' असा चेहरा केला. फोन, बोल, सांग, निरोप, आणि एकदम कोणीतरी ओरडलं, 'कळवा!' रोज गाडीतून त्या पाटीसमोरून जातो, पण 'कळवा' हे क्रियापदही आहे हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती मैत्रीण त्यानंतर मोबाइलकडे वळली नाही.

वकिलाच्या गटाला दहिसर आलं. त्यांच्यातल्या एकाने आधी दही घुसळलं, मग हातात खडू धरून फळ्यावर लिहिलं आणि एकाचा कान पिळला. दही, सर, दहिसर. 20 सेकंदांत. आम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बोरीबंदरही त्यांनाच आलं. त्यांनी बोर खाऊन बी थुंकली आणि मग माकड होऊन गच्चीभर उड्या मारल्या. बाबा हसत म्हणाले, 'अरे, बंदर म्हणजे धक्का, हिंदीतलं माकड नव्हे!' पण गुण द्या म्हणाले. बोरीबंदर बरोबर ओळखलंय ना, मग झालं.

बाबांची पाळी आली तेव्हा ते उठले, पायाच्या अंगठ्याने गच्चीवर एक लांब रेघ ओढल्यासारखं केलं, रेघेच्या अलीकडे उभे राहिले, मग पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले. आम्ही रेघ, रांग, उंबरठा, लक्ष्मणरेषा, क्रिकेटची क्रीज, सगळं म्हणून झालो. वेळ संपली. बाबा म्हणाले, 'शीव.' आम्ही गप्पच. 'गावाची शीव रे. मुंबई बेट तिथे संपायचं आणि पुढे साष्टीचं बेट सुरू व्हायचं, म्हणून ती शीव. तुम्ही सायन म्हणता म्हणून कळत नाही.' तो डाव आमचा गेला, पण त्यानंतर दहा मिनिटं कोणीच पुढची चिठ्ठी उचलली नाही, सगळे बाबांना एकेक नाव विचारत बसले. साडेदहा कधीच वाजून गेले होते. बाबा खाली गेले नव्हते.

पावणेबाराला 8-8 झालं. शेवटची चिठ्ठी माझी, चिंचपोकळी.

मी मनगटाखाली दोन बोटं टेकवून दाखवलं की दोन तुकडे आहेत. पहिल्या तुकड्यासाठी एक डोळा मिटला, तोंड आंबट केलं, जीभ टाळ्याला लावून टॉक्क केलं. बाबा म्हणाले, 'चिंच.' मी मान हलवली. पोकळीसाठी ओंजळ करायला हात वर नेले तोवर बाबांनी उत्तर देऊनही टाकलं होतं. त्यांची गाडी फास्ट असायची, चिंचपोकळीला 36 वर्षांत ती कधी थांबली नाही. तरी 'चिंच' म्हटल्याबरोबर त्यांना ती पाटी दिसली.

टाळ्या सुरू झाल्या आणि वकिलाने हात वर केला. 'हे चालणार नाही. शब्दाचे तुकडे पाडायचे म्हणजे स्पेलिंग सांगितल्यासारखं झालं. अख्ख्या नावाचा अभिनय करायला हवा.' मी म्हटलं, मग दहिसर? तो म्हणाला, 'तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाहीत. मी आता घेतोय.' हे त्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. मत घेतलं तर 6-6. वाद वाढायला लागला तेव्हा बाबाच म्हणाले, 'नको लावूस तो गुण. खेळ आहे.' मग आम्हाला दुसरी चिठ्ठी दिली आणि ती निघाली तुर्भे. तुर्भे दोन मिनिटांत हातवाऱ्यांनी कोणी करून दाखवावं. पुढच्या चिठ्ठीवर ते जिंकले.

मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. टाकीच्या कठड्यावर बाबांचा ग्लास, अर्धं दूध तसंच. बाबांनी दूध टाकलेलं मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. पुढच्या कोजागिरीला 'गुडघे दुखतात' म्हणून ते वर आले नाहीत. गुडघे तेव्हा खरंच दुखत होते का, मला माहीत नाही. भाजी आणायला ते रोज तीन मजले उतरून जात होते.

आता मुद्द्याचं. तुकडे पाडणं ही लबाडी आहे, हे वकिलाचं म्हणणं साफ चुकीचं आहे. हा खेळ मुळात तुकड्यांचाच आहे. 18 व्या शतकात फ्रान्समध्ये शराड (आपल्या दमशेराजमधला 'शेराज' तोच) निघाला तेव्हा त्यात अभिनय नव्हताच, ते तोंडी घालायचं कोडं होतं. शब्दाचा पहिला तुकडा म्हणजे अमुक, दुसरा म्हणजे तमुक, आणि दोन्ही मिळून काय ते ओळखा. पुढे लोक ते करून दाखवायला लागले तेव्हासुद्धा आधी एकेका तुकड्याचा प्रवेश करायचे आणि शेवटी पूर्ण शब्दाचा. सिनेमा तर शंभरेक वर्षांनी जन्मला. म्हणजे दही आणि सर, चिंच आणि पोकळी हा मूळ खेळ आहे, आपण सिनेमांच्या नादात तो विसरलो.

आणि फ्रान्सपर्यंत जायची तरी काय गरज आहे? शब्द फोडून दोन अर्थ काढायची हौस आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. सभंग श्लेष शाळेत आपण सगळेच शिकलो. दमयंती म्हणते औषध 'नलगे', आईला वाटतं हिला औषध नको, आणि दमयंतीच्या मनात असतं 'नल गे'. शब्द एकच, फोडला की वेगळा. वकिलाला आणि मला हा श्लेष एकाच बाईंनी एकाच बाकावर शिकवलाय. त्याला हे येत नाही असं नाही.

तर तुमच्या प्रश्नाकडे. गच्चीवर गेल्या गेल्या, पहिली चिठ्ठी उचलायच्या आधी, मोठ्याने सांगून टाका की तुकडे पाडलेले चालतात. एखादा म्हणाला 'ते बघू नंतर', तर तिथेच सोक्षमोक्ष लावा. 8-8 झाल्यावर नियम काढणारा माणूस नियमासाठी काढत नसतो. आणि एकदा न घेतलेली हरकत त्या रात्रीपुरती संपली, हेही सांगा.

नावं निवडताना जरा बघून घ्या. दिवा फार सोपं आहे, हात जोडले की संपलं, ते लहान मुलांसाठी ठेवा. अंधेरीही तसंच. मजा येते ती चुनाभट्टी, गोरेगाव, विद्याविहार, कॉटन ग्रीन अशा नावांना. कोपर दाखवलं की तीन स्टेशनं होतात, घाटकोपर, कोपर आणि कोपरखैरणे, त्यामुळे नुसत्या कोपराला गुण देऊ नका, उरलेलं आलंच पाहिजे. तुर्भे, नाहूर, मुलुंड, रबाळे ही काढून टाका, त्यांचे तुकडे पडत नाहीत आणि ज्याच्या वाट्याला येतात त्याच्यावर अन्याय होतो. नवी स्टेशनं घाला, ट्रान्स हार्बरवर जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेलं दिघा गाव म्हाताऱ्यांना पटकन आठवत नाही, तेवढीच तरुणांना संधी. 'रोड' साठी एक खूण आधीच ठरवून घ्या, नाहीतर ग्रँट रोड, चर्नी रोड, करी रोड करता करता निम्मा वेळ रस्ता दाखवण्यात जातो.

वेळ आम्ही दोन मिनिटं ठेवली होती. मला ती जास्त वाटली, दीड पुरेल.

माणसं विषम असली तर घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी गटात घ्या. पंच म्हणून बसवू नका, खेळायला घ्या. जास्तीच्या माणसाला पंच करा असं सगळे सुचवतात, पण आपल्याच मंडळींतला पंच कोणी मानत नाही. आणि वडीलधारं माणूस घेतलंत तर त्याच्या उत्तरावर भांडू नका. आमच्याच वयाचं कोणी असतं तर दुसऱ्या दिवशी तलावपाळीवर भेटून मिटवलं असतं. त्यांना 'काका, तुमच्याबद्दल नाही, नियमाबद्दल आहे' म्हटलं की ते पुन्हा वर येत नाहीत.

एक राहिलं. तुमच्यात पुण्याचे किंवा नागपूरचे पाहुणे असतील तर स्टेशनं चालायची नाहीत, ते त्या मोबाइलवाल्या मैत्रिणीसारखे कोपऱ्यात बसतील. अशा वेळी भाज्या, म्हणी, काहीही सगळ्यांच्या ओळखीचं घ्या. आणि रात्री दहानंतर खालच्या मजल्यांवर झोपलेले असतात. आमच्याकडे करणारा गप्प, पण ओळखणारे पाच जण एकदम ओरडत होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोनदा वर आल्या होत्या. त्यांची तक्रार बरोबर होती.

ती बिल्डिंग 2019 मध्ये पुनर्विकासाला गेली, गच्चीही गेली. वकील आता घोडबंदर रोडला राहतो, दर कोजागिरीला ग्रुपवर 'चिंचपोकळी' एवढंच लिहितो आणि खाली हसण्याचे चेहरे येतात. मी उत्तर देत नव्हते. बाबा आता 79 वर्षांचे आहेत. त्या चिठ्ठ्या त्यांनी एका डब्यात ठेवल्यात, भाची सुट्टीत आली की जेवणानंतर ताटं तशीच ठेवून दोघं खेळतात. तिला त्यांनी स्वतः शिकवलंय, आधी तुकडे पाड.

हे उत्तर मी ग्रुपवर टाकणार आहे. दहिसर चाललं होतं तर चिंचपोकळीही चालते. त्या रात्रीचा गुण बाबांचा होता, 9-8.