वाचकांचे प्रश्न: हजार फ्लॅशकार्डं झाली, तरी जीआरईचं व्हर्बल अडतंय

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगलीची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. नोव्हेंबरमध्ये जीआरई (परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची परीक्षा) द्यायचीये, तिचा व्हर्बल म्हणजे इंग्रजीचा भाग अडतोय. एका सीनियरने अँकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपचा हजार शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, दिला, मी रोज 100 नवे शब्द करत तो संपवला, पण आता रोज चारशेच्या वर रिव्ह्यू (उजळणीची कार्डं) साठतात आणि संपतच नाहीत. आणि एवढं करून टेक्स्ट कम्प्लीशनचे (गाळलेल्या जागा भरायचे) प्रश्न चुकतातच, शब्द ओळखीचे असूनसुद्धा. माझं पाठांतर कमी पडतंय का?

उत्तर: नाही गं, पाठांतर कमी नाही पडत, तू स्वतःच लिहिलंयस बघ, शब्द "ओळखीचे" आहेत. ओळखीचा असणं वेगळं आणि हवा तेव्हा आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये यावर प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. रिव्ह्यूचा ढीग समोर असला की माणूस कार्ड पटकन उलटतो, अर्थ दिसला की "हो हो माहितीये" म्हणून पुढे जातो, म्हणजे नुसतं वाचनच झालं ते. कार्ड उलटायच्या आधी अर्थ तोंडाने म्हण, मोठ्याने म्हण, घरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

आणि कार्ड उलटल्यावर बटणं नीट दाब. अर्थ आठवला नसेल तर "अगेन", बस. बरीच मुलं वाईट वाटतं म्हणून "हार्ड" दाबतात, पण अँकीच्या हिशेबात हार्ड म्हणजे आठवला, फक्त कष्टाने, त्यामुळे न येणारा शब्द पुढे ढकलला जातो आणि पुन्हा येतो तेव्हा पाटी कोरीच. अँकीत नव्या कार्डांची डीफॉल्ट मर्यादा दिवसाला 20 आहे, तू पाचपट घेतलीस, मग रिव्ह्यू साठणारच, कारण प्रत्येक नवं कार्ड सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतं. आता नवं काही घेऊ नकोस. जे शब्द खरंच येत नाहीत तेवढे ठेव, बाकीचे सस्पेंड कर म्हणजे थांबवून ठेव, अजिबात अपराधी वाटून घेऊ नकोस. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी स्वतःच "लीच" म्हणजे जळू ठरवतं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूलाही काढतं. अशी कार्डं तशीच परत आणायची नाहीत, ती नव्याने लिहायची.

कशी लिहायची ते सांगते, कारण तुझी खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. तयार डेकमध्ये बहुतेक वेळा पुढे एक शब्द, मागे एक अर्थ. जीआरई मात्र 2011 पासून सुटा शब्द विचारतच नाही, विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखायचे) प्रश्न तेव्हाच गेले. आता शब्द येतो तो वाक्यात, आणि बरेचदा आपल्याला पाठ असलेला अर्थ सोडून भलत्याच अर्थाने येतो. लोन सँक्शन झालं हे आपल्या घरात सगळ्यांना कळतं, पण एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध लावले. मॅच जिंकून टीम क्वालिफाय होते, पण "क्वालिफाइड सपोर्ट" म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. असे साधे दिसणारे शब्द कोणी कार्डावर घेत नाही आणि नेमके तेच घात करतात.

म्हणून कार्डाच्या पुढे पूर्ण वाक्य लिही, शब्दाच्या जागी गाळलेली जागा: "द क्रिटिक ____ हर प्रेझ विथ सीरियस डाउट्स". मागे "टेम्पर्ड", खाली "क्वालिफाइड" पण चालेल अशी नोंद, आणि अर्थ मराठीत: कौतुक केलं पण शंका काढून ते सौम्य केलं. मराठीत अर्थ लिहिला की इंग्रजी कच्चं राहतं असं क्लासमध्ये सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, ज्या भाषेत तुला लख्ख कळतं त्याच भाषेत लिही. जोडीचा शब्द लिहायला सांगतेय कारण सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारच्या प्रश्नात एकाच जागेसाठी सहापैकी दोन, वाक्याला सारखाच अर्थ देणारे पर्याय निवडायचे असतात, एकच बरोबर आला तर अर्धा मार्क वगैरे काही नाही. फक्त टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक (तिन्ही म्हणजे कमी बोलणारा) असे सारख्या अर्थाचे तिन्ही एकाच दिवशी नवे घेऊ नकोस, गोंधळ होतो. एक पक्का होऊ दे, मग दुसरा.

आता टेक्स्ट कम्प्लीशन. पर्याय हाताने झाक. वाक्यातलं "ऑलदो", "फार फ्रॉम", "इन्डीड" असं वळण दाखवणारं काय आहे ते शोध, गाळलेल्या जागेत तुझा स्वतःचा शब्द टाक, मराठी आला तरी हरकत नाही, आणि मगच पर्याय उघड. तीन जागांचा प्रश्न असेल तर पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही, जी सोपी दिसते ती आधी भर. 2023 च्या सप्टेंबरपासून परीक्षा छोटी झालीये, व्हर्बलचे दोन भागांत मिळून 27 प्रश्न, 12 साठी 18 मिनिटं आणि 15 साठी 23, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा किती अवघड ते ठरतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट आहेत, एक आत्ताच दे, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी, आणि जे प्रश्न चुकतील त्यातली वाक्यंच कार्डावर घे.

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) देणार. नातेवाइकांनी जुनी शब्दांची जाडजूड यादी दिलीये, ती पाठ करून घेऊ का? (एक पालक, पिंपरी)

उत्तर: नका करून घेऊ. ती यादी जुन्या एसएटीसाठीची असणार, आता परीक्षा डिजिटल आहे, छोटा उतारा देतात आणि तिथे कोणता शब्द बसेल ते विचारतात. तिला रोज एखादा इंग्रजी लेख वाचू द्या, विज्ञानाचा, इतिहासाचा, तिला आवडेल तो, आणि त्यात अडलेले चार-पाच शब्द वाक्यासकट कार्डावर लिहू द्या. कार्डं तिचं तिलाच बनवू द्या, तुम्ही बनवून देऊ नका.