पणजोबांच्या पत्रांचा गठ्ठा: लॅमिनेशन नको, आधी क्रम जपा

सदाशिव पेठेतला वाडा पाडायच्या आधी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळची पत्रं सापडली, बरीचशी मोडी लिपीत आहेत, लॅमिनेट करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून करू नका. तापून चिकटलेलं प्लास्टिक कागदावरून पुन्हा सुखरूप निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.

आणि गठ्ठा सोडून लगेच तारीखवार लावायला बसू नका. पत्रांना मधोमध भोक आणि भोवती गंजाचं तांबूस कडं दिसतंय का पाहा. पूर्वी घरोघरी पत्र वाचून झालं की तारेच्या आकड्यात ओवून ठेवत. तसं असेल तर तो क्रम पणजोबांनीच लावलेला आहे आणि बिनतारखेच्या पत्राचा काळ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. मऊ पेन्सिलीनं कोपऱ्यात क्रमांक घाला, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मगच पत्रं सुटी करा.

‘शके 1832’ असेल तर 78 मिळवा, म्हणजे 1910. पौषात जानेवारी लागला की फाल्गुनअखेरपर्यंत 79. मिति पुसली असेल तर कार्डाची छापील किंमत बघा: एक पैशाचं कार्ड 1922 मध्ये दोन पैशांचं झालं.

पण खरा खजिना मायन्यात, म्हणजे पत्राच्या सुरुवातीच्या संबोधनात आहे. घाईत लोक तो ओलांडून मजकुराकडे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी नुसती ‘चि.’ असलेली मुलगी एका पत्रात ‘चि. सौ.’ होते, म्हणजे मधल्या काळात लग्न झालं. ‘सौ. वहिनींस’ लिहिणारा दीर पुढे ‘गं. भा. वहिनींस’ (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) लिहितो, तेव्हा घरात काय घडलं ते त्या दोन अक्षरांत असतं. ती बातमी देणारं पत्र बहुधा सापडणारच नाही. अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणून प्रत्येक पत्राचा मायना, मिति आणि गाव एवढं तरी वहीत उतरवा. प्लेगच्या आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या काळातली पत्रं असतील तर हे फारच मोलाचं ठरतं.

मोडीसाठी भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. 1910 पासूनची संस्था, तुमच्याच पेठेत. छापील वर्णमालेवरून घरगुती मोडी सहजी लागत नाही, शब्द सुटे नसतात, जाणकारासोबत बसा.

ठेवताना आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत, आडवी, कोरड्या कपाटात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पावसाळ्यात अधूनमधून कसर (कागद खाणारी कीड) लागली नाही ना ते बघत जा.

मोडी पत्राचे फोटो इथे टाकलेत तर मायना आणि मिति मी वाचून देईन. त्यात कुणाचं आजारपण किंवा कर्ज असू शकतं, तेव्हा आधी घरच्यांना विचारा.