खगोलभौतिकी की बायोइंजिनिअरिंग? अकरावीतल्या मुलीसाठी

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलगी अकरावीला, तिला तारेही खुणावतात आणि कृत्रिम अवयवही. शैक्षणिक प्रदर्शनातून दोन खासगी विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रकं घरी आलीत, एकात बी.एस्सी. अ‍ॅस्ट्रोफिजिक्स, दुसऱ्यात बी.टेक. बायोइंजिनिअरिंग. यातलं कुठलं घ्यावं?

मी भौतिकशास्त्राचा माणूस, पदवीच्या वर्गांना बरीच वर्षं शिकवलं आहे. माझं मत असं की आत्ता यातलं कुठलंच ठरवू नका. आत्ता एकच गोष्ट हातात आहे, ती म्हणजे बारावीपर्यंतचे विषय. मुलीचं पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीव) असेल तर ते तसंच राहू द्या. 'ताण होतो, एक विषय सोड' असं क्लासवाले सांगतील. गणित सुटलं तर ही दोन्ही दारं जवळपास बंद झाली म्हणून समजा. जीवशास्त्र सुटलं तर एवढं बिघडत नाही, पण तिला दोन्हीकडे ओढा आहे म्हणताय, मग कशाला सोडायचं? आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात. भौतिक, रसायन, गणित, जीव, प्रत्येकी १५. चारही विषय केलेल्या मुलीला तिथे घरचंच मैदान.

आता खगोलभौतिकी. आपल्याकडे या क्षेत्रात गेलेली बहुतेक मंडळी भौतिकशास्त्राच्या दारातून गेली आहेत. पदवीवर 'अ‍ॅस्ट्रो' हा शब्द असणं-नसणं फारसं कोणी बघत नाही. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जेस्ट ही परीक्षा देतात, तो पेपर भौतिकशास्त्राचा. म्हणून त्या माहितीपत्रकातले दुर्बिणीचे फोटो सोडा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हे चार पेपर पूर्ण सत्राचे आहेत का, सोबत गणित आणि प्रोग्रॅमिंग किती, एवढं बघा. हे नसेल आणि 'विश्वाची ओळख' छापाचे पेपर भरलेले असतील, तर ते सरळ रद्दीत.

भरवशाचे रस्ते सांगतो. पुण्याचं आयसर, पाच वर्षांचं बीएस-एमएस. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याचं सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्था, दोन्हीकडे प्रवेश नेस्ट परीक्षेतून, दोन्हीकडे पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. बंगळुरूच्या आयआयएस्सीचा चार वर्षांचा पदवीक्रम. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळविज्ञानाच्या संस्थेत पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे, इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये बी.टेक. आणि पुढे खगोलशास्त्रात एमएस करता येतं. त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. आयआयटी इंदूरला तर खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. यातलं काहीच जमलं नाही तर जवळच्या चांगल्या कॉलेजात साधी भौतिकशास्त्राची बी.एस्सी. आणि मग जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन एखाद्या आयआयटीत एम.एस्सी. या रस्त्याला लोक उगाच नाकं मुरडतात. खर्च कमी, शिवाय बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर या केंद्र सरकारच्या योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्तीही मिळू शकते. इंजिनिअरिंगला ती नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर कायमच्या संशोधन-जागा मोजक्या आहेत. पीएच.डी. करताना जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये (२०२३ पासूनचा दर), त्यात एकट्याचं भागतं. पण हातात काही टिकाऊ लागेपर्यंत तिशी उलटते. मध्येच डेटा सायन्सकडे वळणारे पुष्कळ, आणि त्यांचं वाईट चाललेलं नाही.

बायोइंजिनिअरिंगची गोष्ट उलटी. इथे नावच फसवं. बायोटेक्नॉलॉजी, बायोमेडिकल, बायोइंजिनिअरिंग, बायोलॉजिकल इंजिनिअरिंग अशा पाट्या लावून एकीकडे पेशी आणि किण्वन शिकवतात, दुसरीकडे सर्किट आणि सिग्नल. एक उदाहरण घ्या. कोविडमध्ये घरोघरी पोचलेला पल्स ऑक्सिमीटर. बोटाच्या एका बाजूने साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतात, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. बोट हललं की आकडा बिघडतो, नेलपॉलिश असलं तरी गोंधळ, आणि गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे कल असतो. हे दुरुस्त करायला शरीरक्रिया, प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि सांख्यिकी, चारही लागतात. अभ्यासक्रमात हे चारही सापडले तर ते बायोमेडिकल. एकच सापडलं तर पाटी काहीही असो, ती त्याच एका विषयाची पदवी.

बी.टेक.लाच हा विषय हवा असेल तर आयआयटी हैदराबाद, गुवाहाटी, कानपूर इथे आहे. पण माझा कल दुसरीकडे. आधी इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल पक्कं करावं आणि एम.टेक.ला बायोमेडिकल घ्यावं. पवईला आयआयटी मुंबईत तो एम.टेक. आहे, आणि बेटिक नावाचं केंद्रही, जिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं बनवतात. हे उगाच हवेतलं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने हृदयाची कृत्रिम झडप घडली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पदवीनंतर लगेच मिळणाऱ्या नोकऱ्या मात्र बऱ्याचदा इस्पितळात यंत्रांची देखभाल किंवा उपकरणांची विक्री अशा असतात. कामात वाईट काही नाही, फक्त मुलीच्या डोक्यातलं चित्र ते नसावं.

आणि हे दोन विषय तुम्हाला वाटतात तितके लांब नाहीत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक फूरिये घटक (चित्र ज्या लहरींच्या बेरजेने बनतं त्यातली एक लहर) मोजते आणि चित्र मागाहून गणिताने जुळवावं लागतं. एमआरआयचं यंत्र शरीराच्या आतलं चित्र याच पद्धतीने जुळवतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये सूर्याच्या नकाशासाठी मांडलेलं गणित पुढे सीटी स्कॅनलाही उपयोगी पडलं. तिला आत्तापासून काही करायचंच असेल तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि फूरियेचं गणित. दोन्हीकडे चालेल.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदला लोकांना आत सोडतात, विद्यार्थ्यांचं प्रदर्शनही भरतं. तिला घेऊन जा. तिथल्या एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला तिलाच विचारू द्या, दिवसभर नेमकं काय करता म्हणून. मोबाइल टॉवर आणि टीव्हीचे सिग्नल डेटामधून निवडून फेकण्यातच किती वेळ जातो ते ऐकूनही तिचे डोळे चमकले, तर भौतिकशास्त्राचा विचार करायला हरकत नाही.

तिचं बोर्ड कुठलं, गणित आहे ना, आणि घरापासून लांब राहायची तयारी आहे का, एवढं कळवा. म्हणजे कुठल्या परीक्षा आधी धरायच्या ते सांगता येईल.