“सूत्रं पाठच होत नाहीत”: नववीतली एक उत्तरपत्रिका

“गणितात बरी आहे हो. इतिहासाची पानंच्या पानं म्हणून दाखवते. रसायनशास्त्र आलं की सगळं कोरं. आज पाठ केलेलं सूत्र उद्या आठवत नाही. हिला सायन्स जमणारच नाही का?”

नववीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. संयुजा (अणूची इतरांशी जोडलं जायची क्षमता) आणि मूलकं (एकच प्रभार घेऊन एकत्र वावरणारे अणूंचे गट) शिकवायला सुरुवात झाली की असे पालक दरवर्षी येतात, आणि दोष स्मरणशक्तीचा आहे असंच बहुतेकांना वाटतं. या घरात रोज ४० सूत्रं दहा-दहा वेळा लिहून काढायचा नेम होता. मुलगी मान खाली घालून बसली होती.

चाचणीची उत्तरपत्रिका मागवली. गुण बाजूला ठेवून फक्त चुकलेली सूत्रं एका कागदावर उतरवली. विसरून झालेल्या चुका कशाही असतात, हिच्या चुकांना मात्र शिस्त होती. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये एक मॅग्नेशियम, एक क्लोरीन. नावात आकडा नाही, म्हणून सूत्रातही नाही. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये तीन अ‍ॅल्युमिनियम, दोन ऑक्सिजन. प्रत्येकाची संयुजा त्याच्याच पायाशी लिहिलेली. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन-दोन. कॅल्शियम हायड्रॉक्साइडला कंस नाही, त्यामुळे दोनचा आकडा फक्त हायड्रोजनला लागला आणि ऑक्सिजन एकच उरला. चार चुका, चार वेगळी कारणं, आणि एकही विसरल्यामुळे झालेली नाही. संयुजेचा आकडा म्हणजे नेमकं काय, हेच तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

संयुजा, संयुग, सहसंयुज हे तिन्ही शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे या एकाच धातूतून आले आहेत. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना ‘व्हॅलन्सी’ या शब्दातून ही जोडणी ऐकू येत नाही, म्हणून मराठी शब्द आवर्जून सांगावा.

सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. बाहेरच्या कवचात ८ झाले की अणू स्थिर होतो. शेवटचा एक गेला की आतलं ८ चं कवच बाहेरचं होतं आणि सोडियमवर एक धनप्रभार येतो. क्लोरीन २, ८, ७. त्याने एक घेतला की ८ पूर्ण आणि एक ऋणप्रभार. मॅग्नेशियम २, ८, २. त्याचे दोन जातात, पण एका क्लोरीनला एकच चालतो. मग दुसरा क्लोरीन लागणारच. एवढं सांगितल्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं सूत्र तिने न विचारता दुरुस्त केलं.

सूत्रांचं पाठांतर त्या दिवसापासून बंद. पाठ करायचे ते फक्त २० आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू किंवा मूलकं, प्रभारासकट. ११ धन: हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम, अमोनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, झिंक, क्युप्रिक (तांब्याचा), फेरस (लोखंडाचा, प्रभार २), अ‍ॅल्युमिनियम, फेरिक (लोखंडाचाच, प्रभार ३). आणि ९ ऋण: क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट, ऑक्साइड, सल्फाइड, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट. यांच्या कागदावर ९९ जोड्या होतात. काही प्रत्यक्षात टिकत नाहीत, सरावाला मात्र चालतात.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापायला सांगितल्या, प्रत्येक आयनाच्या तीन-तीन. प्रभार १ असेल तर ३ सेंमी, २ असेल तर ६, ३ असेल तर ९. धन आयन लाल शाईने, ऋण निळ्या. वर लाल पट्ट्यांची रांग, खाली निळ्यांची. दोन्ही रांगा सारख्या लांबीच्या झाल्या की थांबायचं आणि पट्ट्या मोजायच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या १८ सेंमी, ऑक्साइडच्या तीन १८ सेंमी. कॅल्शियमच्या तीन, फॉस्फेटच्या दोन. मॅग्नेशियम आणि ऑक्साइड तर पहिल्याच पट्टीला जुळतात, त्यामुळे दोन-दोनची चूक होतच नाही. अख्खं मूलक एकाच पट्टीवर असल्याने कंसही समजतो: पट्टी दोनदा लागली तर तिच्यावरचं सगळंच दोनदा.

आकड्यांची तिरकी अदलाबदल करायची, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहायची युक्ती शाळेत शिकवतात. ती चुकीची नाही, पण घाईने शिकवली जाते. पट्ट्या हाताखालून गेल्याशिवाय मुलांना ती देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात नवी अडचण आली. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. हिने दोनाने भागून एक-एक केलं. मॅग्नेशियम ऑक्साइडवरून शिकलेली गोष्ट इथे लावली, म्हणजे विचार सुरू झाला होता. फरक बंधाचा आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियम-क्लोरीनची सुटी जोडी नसते. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. तिथे सूत्र म्हणजे फक्त प्रमाण, म्हणून ते लहानात लहान लिहायचं. पेरॉक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांची देवघेव नसून भागीदारी आहे. चार अणूंचा सुटा रेणू आहे आणि सूत्र त्यातले अणू मोजतं. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. सहाने भागलं तर १, २, १, आणि ते सूत्र फॉर्माल्डिहाइडचं, ज्याच्या द्रावणात प्राण्यांचे नमुने टिकवतात! हे ऐकून ती पहिल्यांदा मोकळं हसली. अशा भागीदारीच्या, म्हणजे सहसंयुज संयुगांना पट्ट्या लावायच्या नाहीत. तिथे ठिपके काढून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या दाखवायच्या.

“ताई, आता क्लास लावू नका,” एवढंच आईला सांगितलं. रोज २० मिनिटं, पाच जोड्या पुरेत. आईने फक्त संयुगाचं नाव वाचायचं; उत्तर चुकलं तरी ते सांगायचं नाही, रांगा पुन्हा जुळवून बघायला लावायच्या.

सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट यांची गल्लत अजून होते. ती मात्र खरोखर पाठांतराची बाब आहे, कारण तिन्हींचा प्रभार दोनच आणि पट्टीची लांबीही तीच. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. सल्फाइटची पट्टी संचात नव्हती. ती तिने नवी कापली आणि तिन्हींवर ऑक्सिजनचे तेवढे ठिपके स्वतःच काढून आणले.