वाचकांचे प्रश्न: हेड खोलायची घाई नको

प्रश्न: दादा, मी कळव्याला राहते. लेकीला ऐरोलीत नोकरी लागली आहे, शिफ्ट रात्री उशिरा सुटते, म्हणून तिच्यासाठी छोटी गाडी बघतोय. सोसायटीतलेच एक काका त्यांची मे 2012 ची वॅगनआर 1,70,000 ला द्यायला तयार आहेत. कंपनीचं सीएनजी आहे, 84 हजार किलोमीटर चालली आहे. क्लच फार जड लागतो, खड्ड्यात पुढून आवाज येतो, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू केली की जरासा निळसर धूर निघतो, मग थांबतो. एका गॅरेजवाल्याने 52,000 खर्च सांगितला: क्लच प्लेट 7,500, पुढचं सस्पेन्शन 14,500 आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलून 30,000. गाडी घ्यावी का?

उत्तर: ताई, त्या 30,000 पासून सुरुवात करू, कारण तोच आकडा मला खटकला. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर टाकत असेल, तर बहुतेक वेळा वॉल्वची सीलं (ऑइल अडवणारी रबरं) कडक झालेली असतात. थोडं ऑइल रात्रीतून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या गाडीचा धूर असा थांबत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा येतो. म्हणून आधी कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात त्याची तपासणी, करून घ्या, त्याला काही शेच रुपये लागतात. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले तर हेड उतरवायचं कारण नाही. हात बसलेला मिस्त्री हेड जागेवर ठेवूनच सीलं बदलतो, आमच्या वागळे इस्टेटकडे त्याचे पाच-सहा हजार होतात. तेही लगेच करायलाच हवं असं नाही. काकांना विचारा, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वरून घालावं लागतं का? लागत नसेल तर वर्षभर थांबलात तरी चालेल. या इंजिनाला वॉल्व चालवणारी टायमिंग चेन आहे, त्यामुळे टायमिंग बेल्ट बदलण्याचा खर्चही नाही.

क्लचचंही तसंच. या गाडीचा क्लच केबलवर चालतो आणि केबल आतून गंजली की पेडल दगडासारखं जड होतं. आधी केबल बदला, मजुरीसकट हजाराच्या आत काम होतं. प्लेट गेली की नाही ते मुंब्रा बायपासच्या चढावर कळेल. तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर प्लेट संपली. तसं निघालं तर 7,500 हा दर वाजवी आहे, त्यात वाद घालू नका.

सस्पेन्शनचं काम मात्र करावंच लागेल. ठाण्याच्या रस्त्यांवर इतकी वर्षं चाललेल्या गाडीचे लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश आणि शॉकरच्या वरची माउंटिंग शाबूत असतील अशी आशा धरू नका. दोन्ही लोअर आर्म तीन-साडेतीन हजार, पुढचे दोन शॉकर माउंटिंगसकट सहा हजारांच्या आसपास, वर अलाइनमेंट. म्हणजे दहा हजारांत भागतं. 14,500 मध्ये आणखी काय धरलंय ते लेखी मागा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना कट-कट आवाज आला तर मात्र ॲक्सल बघा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की ॲक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. दारांच्या खालची पाणी जाण्याची भोकं मातीने बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. रनिंग बोर्ड (दारांखालची पट्टी), जॅक लावायची जागा, मागच्या शॉकरचं बूड, सगळीकडे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर तिथेच थांबा. रनिंग बोर्ड वेल्डिंग करून निभावतं, पण शॉकर जिथे बसतो तो पत्रा कुजला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला सांगाडा होत नाही, आणि रात्री उशिरा त्या गाडीत तुमची मुलगी असणार आहे.

पायाखालचा गालिचाही उचला. खाली वाळलेला गाळ किंवा सीटच्या रुळांना गंज दिसला तर गाडी पाण्यात उभी होती असं समजा.

कागदांचं थोडक्यात. नोंदणीची 15 वर्षं मे 2027 मध्ये संपतात. पुढे फिटनेस तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, त्याची फी 5,000 आणि पर्यावरण कर वेगळा. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, टाकीवरच्या पट्टीवरची तारीख वाचा. ई-चलन बाकी नाही ना, कर्जाचा बोजा उतरलाय ना, हे पाहूनच मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा.

पत्रा चांगला निघाला तर माझ्या हिशेबाने पहिल्या वर्षी 20 ते 25 हजार खर्च धरा. काकांना 1,50,000 सांगा. शेजारधर्म म्हणून पाच हजार वर गेलात तरी गाडी महाग पडणार नाही.

प्रश्न: दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो. गाडी जुनी झाली की गॅस संपतोच का? (एक वाचक, कासारवडवली)

उत्तर: नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळीत फिरतो. दरवर्षी कमी होतोय म्हणजे गळतोय. पुढच्या वेळी गॅस भरण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायला सांगा. जुन्या छोट्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा डॅशबोर्डच्या मागची कूलिंग कॉइल निघते. पुष्कळ गाड्यांना केबिन फिल्टर नसतो, त्यामुळे ओली धूळ कॉइलवर बसून ती सडते. डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने मजुरी जास्त पडते. सगळं मिळून सहा ते नऊ हजार. त्याच वेळी ब्लोअर साफ करून घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा तेवढंच खोलावं लागेल.