नानकटाई बिघडते ती बहुतेकदा तुपात

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. तीनदा नानकटाई केलीत. पहिल्यांदा ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटल्या, दुसऱ्यांदा दगड झाला, तिसऱ्यांदा वरून तांबूस आणि आत कच्च्या. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या तुमच्या सासऱ्यांना दाढा राहिलेल्या नाहीत. त्यांना लहानपणी बेकरीत भाजून आणायचे तशी, जिभेवर ठेवली की विरघळणारी हवी आहे. तुम्ही दर वेळी कृती बदललीत. मला वाटतं, आता चौथी कृती शोधू नका. तुम्ही दिलेली तिन्ही प्रमाणं ठीक आहेत. बिघाड प्रमाणात नाही. तूप किती घट्ट होतं, पीठ किती मळलं आणि ओव्हन खरोखर किती तापला, या तीन जागी तो आहे, आणि त्यातही पहिली जागा तुपाची.

सासऱ्यांच्या आठवणीतली नानकटाई मीही खाल्ली आहे. साताऱ्याला आमच्याकडे मे महिन्यात एक दिवस बेकरीचा असायचा. आई मैदा, दळलेली साखर, डालडा आणि वेलचीची पुडी पिशवीत भरायची, पत्र्याचा रिकामा डबा माझ्या हातात द्यायची आणि आम्ही निघायचो. सामान आपलं, फेटणारे हात आणि भट्टी बेकरीवाल्यांची. नंबर लागायचा तो भर दुपारी. तेव्हा वाटायचं, आपल्याला उगाच ताटकळत ठेवतात. पुढे स्वतः भाजायला लागले तेव्हा त्याचं कारण कळलं. विटांच्या भट्टीत पहाटे पाव भाजायचे, त्याला दोनशेच्या वर आच लागते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरत जाते, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जायचे. वरून रंग चढण्याआधी आतून सावकाश भाजली जायची. ती चव त्या मऊ, दमदार उष्णतेची होती. आपण घरी १८० अंशांवर बारा मिनिटांत तीच मिळवू बघतो आणि फसतो.

पावाच्या भट्टीशी नानकटाईचं नातं तसं जुनंच. तिची जन्मकथा सुरतेच्या डच वखारीतल्या पावाच्या भट्टीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी दोतीवाला घराण्याशी जोडतात.

आता तूप. साजूक तूप जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश असतं, वनस्पती तूपही तसंच. लोणी तसं नाही. विकतच्या लोण्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, पंधरा-सोळा टक्के पाणी आणि बहुतेकदा मीठही असतं. तुमच्या दुसऱ्या कृतीत लोणी होतं आणि पीठ 'छान मऊ होईपर्यंत' दहा मिनिटं मळलंत. लोण्यातलं पाणी मैद्याला मिळालं, वरून मळणं झालं, म्हणजे चपातीच्या कणकेला येतो तसा चिवटपणा आला. भाजल्यावर त्याचाच दगड होतो. नानकटाईचं पीठ मळायचं नसतं, फक्त गोळा करायचं असतं. बोटांच्या टोकांनी एकत्र आणायचं, मुठीत दाबलं की आकार धरतंय असं दिसलं की थांबायचं. कोरडं वाटलं तर दुधाचा हात लावू नका, चमचाभर तूप घाला. दुधाच्या दोन चमच्यांनी माझे कितीतरी घाणे कडक झाले आहेत.

पसरण्याचं कारण दुसरं. तूप वितळलेलं किंवा वितळायच्या बेतात असेल तर पिठाला आकार धरायला वेळच मिळत नाही, ओव्हनमध्ये जाताच गोळा वाहू लागतो. तुम्ही एप्रिलमध्ये केलीत आणि तूप 'रूम टेम्परेचरचं' घेतलंत. एप्रिलमध्ये आपल्या ओट्यावरचं तूप पळी बुडेल इतकं पातळ असतं. परदेशी कृतींतलं ते वाक्य तिथल्या थंड स्वयंपाकघरांसाठी आहे. आपण तूप बोटाने तपासायचं. बोट दाबलं की खळगा राहिला पाहिजे, पण बोटावर तेलकट चकाकी येता कामा नये. पातळ असेल तर वाटी थंड पाण्यात ठेवून चमच्याने सतत ढवळत गोठवा. फ्रिजमध्ये नुसतं ठेवून दिलं तर कडेने घट्ट आणि मध्ये पातळ राहतं. आणि हळू थिजलेलं तूप रवाळ होतं. वरणभातावर तो रवाळपणा हवासा वाटतो, इथे दाणे तळव्याने मोडावे लागतात.

मग फेटणं. परातीत तूप आणि पिठीसाखर घ्या आणि तळव्याने, एकाच दिशेने, आठ ते दहा मिनिटं फेसा. मिश्रण पिवळसरवरून पांढरं होतं, हलकं होतं, हाताखाली क्रीमसारखं सरकतं. जुन्या बायका थेंब पाण्यात टाकून तरंगतो का बघायच्या, ती परीक्षा खरी आहे, पण साखर घातल्यावरच. नुसतं तूप न फेटताही तरंगतं. साखर जड असते, म्हणून न फेटलेलं मिश्रण बुडतं आणि त्यात पुरेशी हवा भरली की वर येतं. ही हवाच तुमच्या सासऱ्यांच्या जिभेवर विरघळणार आहे. विजेच्या बीटरने चालतं, पण त्याची ऊब तूप वितळवते, तेव्हा मध्ये मध्ये थांबा.

मी वापरते ते प्रमाण वजनात देते, कारण वाटीने मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल. मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, घट्ट साजूक तूप ११० ग्रॅम, खायचा सोडा पाव चहाचा चमचा सपाट, चिमूट मीठ, पाच-सहा वेलच्यांची पूड, किसलेलं जायफळ चिमूटभर. बेसन आधी कोरडंच चार-पाच मिनिटं मंद आचेवर भाजून पूर्ण गार करून घ्या, कच्चट वास जातो. गार म्हणजे खरंच गार. कोमट बेसनाने फेटलेलं तूप क्षणात वितळतं आणि दहा मिनिटांची मेहनत वाया जाते. सगळी पिठं, सोडा, मीठ दोनदा चाळा. सोडा कुठे साचला तर तिथे तपकिरी ठिपका येतो आणि साबणासारखी चव लागते. वर भेगा हव्यात म्हणून सोडा वाढवू नका. जास्त सोड्याने नानकटाई पसरते. बेकरीत भेगांसाठी बहुधा अमोनियम बायकार्बोनेट घालतात, घरी त्याची गरज नाही.

तुमच्यासाठी यात एक बदल. रवा वगळा, त्याजागी २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या. रव्याचा दाणा आपल्याला खमंग लागतो, पण दाढा नसल्या की तो हिरड्यांत टोचतो. वर बदाम-पिस्त्याचे कापही नकोत. कॉर्नफ्लोअरने मैद्याचा चिवटपणा आणखी कमी होतो.

पीठ झालं की पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, मग वीस-वीस ग्रॅमचे गोळे. या प्रमाणात साधारण वीस होतात. गोळा तळव्यात हलकेच वळा, फार वेळ नको, हाताची ऊब लागते. वरून अंगठ्याने किंचित चपटा करा. ट्रेवर दोघींत दोन बोटं अंतर.

तिसऱ्या वेळी आतून कच्ची राहिली त्याला ओव्हन कारण आहे. तुमचा २८ लिटरचा ओटीजी बटणावर १८० म्हणतो, पण आत तेवढंच असेल याची खात्री नाही. माझ्या आधीच्या ओटीजीत बटण १८० वर असताना आतला थर्मामीटर २०० च्या पुढे जायचा. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो आधी घ्या, साच्यांवर नंतर खर्च करा. लहान ओटीजीत वरची कॉइल पदार्थाच्या अगदी जवळ असते. म्हणून ट्रे मधल्या कप्प्यात किंवा त्याखाली ठेवा, आच १६० आणि वेळ वीस ते बावीस मिनिटं. वरून लवकर रंगली तर शेवटची काही मिनिटं फक्त खालची कॉइल चालू ठेवा. पंधरा मिनिटं आधी ओव्हन तापवायला विसरू नका. थंड ओव्हनमध्ये तूप आधी वितळतं आणि भाजणं मागून सुरू होतं, म्हणजे पुन्हा पसरणं आलंच.

आता सगळ्यात कठीण गोष्ट, वेळेवर बाहेर काढणं. भाजलेली नानकटाई गरम असताना मऊच असते. बोट लावलं की दबते, म्हणून आपण कच्ची समजून आणखी पाच मिनिटं ठेवतो आणि ती कडक होते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत काचेच्या झाकणाच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये मी दोन घाणे असेच घालवले होते, आणि तुपाचा तो नास अजून आठवतो. वरचा रंग बघू नका. एक उचलून तळ बघा. तळ फिकट सोनेरी, वरचा भाग जवळजवळ पांढराच, भेगा पडलेल्या, घरभर वास, की काढा. ट्रेवरच पंधरा मिनिटं राहू द्या, हात लावू नका. ती थंड होतानाच खुसखुशीत होते.

कढईत होते का विचारलंत. होते, आणि छान होते, कारण कढईची आच मुळात मऊ असते. जाड बुडाची जुनी कढई घ्या, नॉनस्टिक नको, कोरडी तापवायची आहे. तळाशी दोन वाट्या जाड मीठ, त्यावर कुकरमधली जाळी, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या, मग ताटलीत गोळे ठेवून अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटं. पहिली वीस मिनिटं झाकण उघडू नका. वरून रंग येणार नाही, तो यायला नकोच आहे. ते मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा याच कामाला येतं.

कणीक चालेल का, हाही प्रश्न होता. निम्मा मैदा, निम्मी कणीक चालते. कणीक लाडवासाठी भाजतो तशी कोरडी भाजून गार करून घ्या. भाजल्याने तिचा चिवटपणाही मोडतो आणि खमंगपणाही येतो. पूर्ण कणकेची चवीला चांगली होते, पण ती विरघळत नाही, तेव्हा सासऱ्यांसाठी नको. नाचणी मी पाव हिस्सा घालते, त्याहून जास्त घातली की उचलताना तुटते.

डालडा की साजूक तूप, यावर माझं मत स्पष्ट आहे. मी साजूक तूपच वापरते. पण सासऱ्यांच्या जिभेवर जी चव आहे ती बहुधा वनस्पती तुपाची आहे, हेही खरं. ते उष्णतेत चटकन वितळत नाही, पांढरंशुभ्र फेटलं जातं आणि स्वतःचा वास फारसा नसल्याने वेलची पुढे येते. पूर्वी त्यात ट्रान्स फॅट भरपूर असायचं. २०२२ पासून आपल्याकडे त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे वर्षातून एकदा, निम्मं हे आणि निम्मं ते घेऊन त्यांना खाऊ घालायला माझी हरकत नाही. रोजच्या डब्यासाठी मात्र नको.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी वेलची मुरलेली असते, तेव्हा ती जास्त चांगली लागते. पंधरा दिवस सहज टिकतात. पावसाळ्यात सादळल्या तर १४० वर पाच मिनिटं फिरवून गार करा. चहात बुडवून द्यायच्या असतील तर कपात नको, ही नानकटाई कपातच मोडून तळाला जाईल. बशीत चहा ओतून त्यात कड टेकवून द्या, त्यांना सवय असेलच.

सगळ्या वीस एकदम भाजू नका. आधी दोनच गोळे घाला, बाकी पीठ फ्रिजमध्ये. पसरल्या तर पीठ अजून थंड करा, दोन चमचे मैदा मिसळा. भेगा न पडता गोळे तसेच राहिले तर पीठ कोरडं आहे, चमचाभर तूप वाढवा. दोन गोळ्यांत तुमचा ओव्हन तुम्हाला कळेल.

आणि वेलची-जायफळ फोडण्याआधी सासऱ्यांना एक गोष्ट विचाराच, त्यांच्या गावच्या बेकरीतल्या नानकटाईला वास कशाचा यायचा. काही ठिकाणी वेलची असायची, काही ठिकाणी नुसतं जायफळ, कुठे व्हॅनिलाचा इसेन्स, आणि वर कधी चारोळीचा एकच दाणा टोचलेला. ते जे सांगतील तेवढंच घाला, आणि काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.